वरातीमागून घोडे

मराठी भाषेतून घोडा काही अजून गेलेला नाही. काम अडले की आपण 'घोडे कुठे पेंड खाते' ते पाहतो, निकाल एकदाचा लागला की 'गंगेत घोडे न्हाले' म्हणतो, आणि मोटारीची ताकददेखील अश्वशक्तीतच मोजतो. रस्त्यावर मात्र खराखुरा घोडा समोर आला की दचकून बाजूला होतो. मुंबईसारख्या शहरात याचे आता काय काम, असा आपल्याला प्रश्न पडतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. काम संपल्यावर त्या घोड्याने जायचे कुठे?

एके काळी हे शहर घोड्यांच्याच पायांवर चालत होते. ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली, ती घोड्यांनी ओढलेली. कंपनीच्या तबेल्यांत तेव्हा सुमारे नऊशे घोडे होते. १९०५ साली ती ट्राम बंद पडली आणि १९०७ साली विजेची आली. मागे राहिली ती व्हिक्टोरिया. पुढे टॅक्सीने तिचेही रोजचे काम नेले आणि अखेरीस गेटवे व मरीन ड्राइव्हवरच्या हौशी फेऱ्या तेवढ्या उरल्या.

जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या फेऱ्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितले. या धंद्यावर पोट असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना शासनाने आखावी, असेही बजावले. हा निर्णय मला मनापासून मान्य आहे. ओझ्याच्या जनावरांना दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक राबवू नये, सलग पाच तासांनंतर विसावा द्यावा, पारा ३७ अंशांच्या वर जातो तेथे दुपारी बारा ते तीन कामाला जुंपू नये, हे नियम १९६५ पासून कागदावर आहेत. पण तापलेल्या डांबरावर उभ्या घोड्याचे तास मोजायला घड्याळ घेऊन कोण बसणार होते?

माझी तक्रार निकालाबद्दल नाही, निकालानंतरच्या आपल्या स्वस्थतेबद्दल आहे. विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या त्या मार्च २०२१ मध्ये, म्हणजे न्यायालयाने दिलेली मुदत संपून जवळजवळ पाच वर्षे लोटल्यावर! वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. त्यातही गाडीवानाला नवी गाडी हाकायला मिळेल. घोड्याला त्या गाडीत जागाच नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. त्याला रोज चंदी लागते, गवत लागते, खरारा लागतो, वेळच्या वेळी नाल लागतात. बंदीच्या आदेशाने त्याची भूक बंद होत नाही.

गेल्या लग्नसराईत आमच्या चाळीच्या तोंडाशी एक वरात अडली होती. बँडचा कल्लोळ, भोवती जनरेटरवरच्या दिव्यांच्या माळा, आणि मध्ये डोळ्यांना झापडे लावलेली पांढरी घोडी. फटाक्यांची माळ लागली तशी ती थरथरू लागली. म्हातारा घोडेवाला तिच्या मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होता. मी विचारले, "चाचा, हिला त्रास होत नाही का?" ते म्हणाले, "होतो ना. पण हिची चंदी याच वरातींतून सुटते." पूर्वी ते व्हिक्टोरिया हाकीत. घोडी शहरातून गेली नव्हती. गेटवेवरून आमच्या गल्लीत आली होती, एवढेच.

महालक्ष्मीच्या शर्यतीच्या घोड्याला डॉक्टर असतो. २०१७ साली काळा घोडा चौकात स्वार नसलेल्या घोड्याचा नवा पुतळा बसला. त्याच्याजवळ उभे राहून आपण हौसेने छायाचित्रे काढतो. त्याला चंदी लागत नाही. पोशिंदा गरीब असलेला जिवंत घोडा तेवढा आपल्याला अडचणीचा वाटतो.

कोणी म्हणेल, माणसांचे हाल सुटले नाहीत आणि घोड्यांचे कसले कौतुक? पण येथे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. चाचांची भाकरी आणि घोडीची चंदी एकाच कमाईतून येतात. एकाला वाऱ्यावर सोडले की दुसरा आपोआप उपाशी पडतो.

म्हणून मला वाटते, जनावरांच्या कामावर बंदी घालायची तेव्हा त्यांची मोजदाद, त्यांच्या निवाऱ्याची सोय आणि पोशिंद्याचा पर्यायी धंदा या तीन गोष्टी बंदीच्या तारखेआधी ठरल्या पाहिजेत. हे काम शासनाचे. आपल्या हातातले काम लहान आहे. मित्रहो, उद्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी लग्ने निघतील. नवरदेव पायी किंवा मोटारीतून मांडवात गेला तर मुहूर्त टळत नाही. आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या हट्टापायी घोडी आणावीच लागली, तर तिच्यापुढे फटाके वाजू देऊ नका, वरात आटोपती घ्या, आणि बिदागीत घासाघीस करू नका. त्या पैशांत तिची चंदी असते.