लाज कुणाची? जनाची की मनाची?

परवा तिसऱ्यांदा मेल टाइप केला आणि तिसऱ्यांदा डिलीट केला. विषय एकदम सिंपल. चार महिन्यांपूर्वी छापून आलेल्या लेखाचं मानधन कधी मिळणार? बस्स! पण 'माझे पैसे' हे दोन शब्द लिहिताना माझ्याच कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शेवटी काय पाठवलं? 'सर, कसे आहात? सहज मेल केला.' सहज! इकडे घरमालकांचे भाड्यासाठी दोन फोन येऊन गेलेत.

आई याला कौतुकाने 'संकोची स्वभाव' म्हणते. आजीचं मत वेगळं होतं. 'भीड भिकेची बहीण,' ती फटकन म्हणायची. तीन वर्षं फ्रीलान्सिंग केल्यावर मला आजीचं पटायला लागलंय.

मराठीत या एका फीलिंगला किती शब्द आहेत बघा. बॉसकडे रजा मागताना आडवी येते ती भीड. चूक लक्षात आली की आपण ओशाळतो, चारचौघांत पकडली गेली की खजील होतो. केमिस्ट सॅनिटरी पॅड्स कागदात गुंडाळून वर काळ्या पिशवीत घालून देतो, तेव्हा ती लाज नेमकी कुणाची? मी काही चोरलेलं नसतं! आणि सगळ्यात भारी म्हणजे, 'जनाची नाही तर मनाची तरी बाळग.' एका वाक्यात दोन डिपार्टमेंट्स. जनाची, म्हणजे लोक काय म्हणतील. मनाची, म्हणजे कुणीच काही म्हणत नसताना जे टोचतं ते.

सार्वजनिक जीवनात हे दुसरं डिपार्टमेंट बहुतेक वेळा बंदच असतं. म्हणून तर १९५६ची गोष्ट अजून सांगितली जाते. सप्टेंबरमध्ये महबूबनगरला रेल्वे अपघात झाला, तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा देऊ केला. पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नाही. नोव्हेंबरमध्ये अरियलूरचा भीषण अपघात झाला आणि शास्त्री पायउतार झाले. गाडी काही ते चालवत नव्हते! हल्ली प्रत्येक निषेधाच्या पत्रकात 'लाजिरवाणी घटना' असते, फक्त लाजणारं कुणी सापडत नाही.

तर असा सगळा लेख मनात फुल फॉर्मात सुरू होता, तेवढ्यात लक्षात आलं, स्वयंपाकाच्या मावशी अजून गेलेल्या नाहीत. पोळ्या कधीच झाल्या होत्या. त्या पुसलेलाच ओटा परत पुसत होत्या.

'काय झालं मावशी?'

'काही नाही ताई. सहजच.'

सहज!

त्या दिवशी नऊ तारीख होती. त्यांचा पगार मी एक तारखेला द्यायचा असतो. 'आपले पैसे आले की देऊ,' असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं आणि त्यांना सांगितलंही नव्हतं. त्या भांडल्या नाहीत, कुणाला काही कळलंही नाही. जनाची लाज वाटायचं कारणच नव्हतं. वाटली ती दुसरी.

खाली एटीएमवर जाऊन पैसे काढले, मावशींच्या हातात दिले आणि 'सॉरी' म्हटलं. मग लॅपटॉप उघडला. बिलाची तारीख, रक्कम, बँकेचे डिटेल्स. पैसे कधी येतील ते कृपया कळवा. 'सहज' हा शब्द कुठेही नाही. सेंड!

उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी फोन करणार आहे. पाळ्या गरम झाल्या तर होऊ देत.