लांब नमाज रात्रीची, छोटी लोकांची

27 जानेवारी 632 रोजी मदिनेत सूर्याला ग्रहण लागलं. त्याच दिवशी हजरत मुहम्मद पैगंबरांचा मुलगा इब्राहिम गेला. वय जेमतेम दीड वर्ष. पहिल्या पत्नी हजरत खदीजांपासून झालेले मुलगे याआधीच लहानपणी गेले होते, आणि हे मूल पैगंबर साठीला टेकल्यावर झालं होतं. शेवटच्या घटकेला मूल हातात होतं आणि वडिलांच्या डोळ्यांना धार लागली होती. जवळच उभ्या असलेल्या एका सहकाऱ्याला त्याचं नवल वाटलं. त्यावर पैगंबरांनी सांगितलं की हे अश्रू दयेचे आहेत. डोळे रडतात, मन दुखतं, पण परमेश्वराला रुचणार नाही असा शब्द तोंडून काढायचा नाही.

बाहेर वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. पैगंबरांचा मुलगा गेला म्हणून सूर्यही काळवंडला, असं लोक म्हणू लागले. त्या काळच्या अरबस्तानात ही समजूत होतीच. थोरामोठ्याच्या मरणाची दखल आकाशही घेतं, असं मानलं जाई. लोकांनी ती आपणहून पैगंबरांना लागू केली. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. दुःखात बुडालेल्या बापाला त्या क्षणी कुणी जाब विचारला नसता, आणि त्यांची थोरवी आणखी वाढली असती. पण ते मशिदीत आले, ग्रहणाची नमाज पढवली आणि मग लोकांना स्पष्ट सांगितलं की सूर्य आणि चंद्र या ईश्वराच्या खुणा आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही.

पैगंबरांच्या नम्रतेबद्दल बोलताना या प्रसंगापासून सुरुवात करावी, कारण इथे ती अवघड होती. ओळखीच्या माणसाशी गोड बोलणं, जमिनीवर बसून जेवणं, स्वतःच्या चपलेला टाका घालणं हे सगळं ते करत. घरी असताना ते घरच्यांच्या कामाला हात लावत, असं त्यांच्या पत्नी हजरत आयशांनी सांगून ठेवलं आहे. पण लोक आपल्या नावावर एक चमत्कार जमा करू पाहत असताना, तोही मुलाच्या मृत्यूच्या दिवशी, तो परत करणं ही साधी गोष्ट नाही. ज्याच्या मनात ईश्वराचा धाक खरोखर बसलेला आहे, त्यालाच ते जमतं. आकाश त्याचं आहे, त्यात आपलं काही नाही, हे त्या माणसाला आतून ठाऊक असतं.

हा धाक त्यांच्या रोजच्या जगण्यात दिसत असे. आभाळात काळे ढग जमले, वारा सुटला की त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलायचा. ते घरात येत, बाहेर जात, पुन्हा आत येत. पाऊस सुरू झाला की मोकळे होत. वाळवंटात ढग दिसल्यावर लोक खूश होतात आणि तुम्ही अस्वस्थ का होता, असं आयशांनी विचारलं. त्यांनी आद लोकांची आठवण करून दिली. त्या लोकांनीही ढग पाहून पाऊस येणार म्हणून आनंद मानला होता आणि त्या ढगातून त्यांचा नाश आला, असं कुराण सांगतं. आपण पैगंबर आहोत, तेव्हा आपल्या गावावर असं काही येणार नाही, असा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. कुणीही आपल्या कर्मांच्या बळावर स्वर्गात जाणार नाही असं ते म्हणाले, तेव्हा सहकाऱ्यांनी विचारलं, तुम्हीसुद्धा नाही? मीसुद्धा नाही, ईश्वराने दयेने झाकून घेतलं तरच, असं त्यांचं उत्तर होतं.

पैगंबरीची सुरुवातच भीतीने झाली. 610 च्या सुमारास, चाळिशीच्या उंबरठ्यावर, मक्केजवळच्या हिरा गुहेत पहिला संदेश आला आणि ते थरथरत घरी पोहोचले. अंगावर काहीतरी पांघरा, एवढंच त्यांनी खदीजांना सांगितलं. आपल्या जिवाचं काही बरंवाईट होईल, असं त्यांना वाटत होतं. खदीजांनी दिलेला धीर लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुम्ही नाती सांभाळता, दुसऱ्याचं ओझं उचलता, गरिबाला मिळवून देता, पाहुण्याला जेवू घालता, मग ईश्वर तुमचा पाणउतारा कशाला करेल, असं त्या म्हणाल्या. गुहेत बसून केलेल्या चिंतनाचा उल्लेखही त्यांनी केला नाही. पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईने नवऱ्याच्या भल्या असण्याचा पुरावा म्हणून लोकांशी असलेली त्याची वागणूक मोजली.

मदिनेतल्या घरातल्या रात्रींबद्दल आयशांनी बरंच सांगितलं आहे. खोली इतकी लहान की त्या झोपलेल्या असत आणि त्यांचे पाय नमाजेच्या जागेत येत. सजद्याला, म्हणजे जमिनीवर डोकं टेकायला, जायची वेळ आली की पैगंबर हाताने हलकेच खूण करत, त्या पाय आखडून घेत. ते उभे राहिले की त्या पुन्हा पाय पसरत. त्या काळी घरांमध्ये दिवे नसत, हेही त्यांनी मुद्दाम सांगितलं आहे. या अंधाऱ्या खोलीत ते इतका वेळ उभे राहत की पाय सुजत. तुमचे तर मागचे-पुढचे सगळे दोष माफ झालेले आहेत, मग एवढं कशाला, असं त्यांना विचारलं गेलं. मी कृतज्ञ दास होऊ नये का, असा त्यांचा उलट प्रश्न होता. शिक्षेच्या भीतीने माणूस प्रार्थना करतो हे आपल्याला कळतं. माफी मिळाल्यावरही पाय सुजेपर्यंत उभं राहण्यामागे निराळी ओढ असते. नमाजेत त्यांच्या छातीतून चुलीवर उकळणाऱ्या भांड्यासारखा हुंदक्यांचा आवाज येई, असं ऐकणाऱ्याने नोंदवलं आहे.

त्यांच्यासोबत रात्री उभं राहण्याचा प्रयत्न काहींनी केला. अब्दुल्ला इब्ने मसऊद हे कुराणाचे मोठे जाणकार. एका रात्री ते मागे उभे राहिले आणि इतका वेळ गेला की आपल्या मनात वाईट विचार आला, असं त्यांनी नंतर कबूल केलं. कसला विचार? पैगंबरांना उभं सोडून आपण खाली बसावं, हा. हुजैफा नावाच्या दुसऱ्या सहकाऱ्याचा अनुभव तर थक्क करणारा आहे. पैगंबरांनी कुराणातली सूरह, म्हणजे प्रकरण, बकरा सुरू केली. शंभर आयतींवर थांबतील असं हुजैफांना वाटलं, पण ते थांबले नाहीत. ती संपल्यावर सूरह निसा घेतली, मग आले इम्रान. तिन्ही मिळून 662 आयती होतात, त्याही नमाजेच्या एकाच रकातीत, म्हणजे आवर्तनात, संथ स्वरात, दयेचं वर्णन आलं की मागणं मागत आणि कोपाचं वर्णन आलं की आश्रय मागत.

आता याच सूरह बकराची दुसरी गोष्ट. मुआज इब्ने जबल नावाचा तरुण सहकारी पैगंबरांच्या मागे इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज पढून आपल्या वस्तीत जाई आणि तिथल्या लोकांना नमाज पढवी. एका रात्री त्याने बकरा लावली. मागे दिवसभर काम करून आलेला एक माणूस होता, त्याच्याबरोबर पाणी ओढणारे दोन उंट होते. त्याला तेवढं उभं राहणं जमेना. त्याने बाजूला होऊन आपली आपण नमाज आटोपली आणि तो निघून गेला. मुआजने त्याला ढोंगी ठरवलं. माणूस दुखावला आणि तक्रार घेऊन थेट पैगंबरांकडे गेला. बोल मुआजला बसले, तेही एकदा नव्हे, तीनदा: तू लोकांना संकटात टाकणारा आहेस काय? तुझ्या मागे म्हातारे असतात, अशक्त असतात, कामाची घाई असलेले असतात. छोट्या सूरह म्हणत जा, असं सांगून त्यांनी कोणत्या म्हणाव्यात तेही सांगितलं.

स्वतःसाठी रात्री बकरा पुरी पडत नाही, वर आणखी दोन लागतात. लोकांसमोर तीच सूरह म्हणणाऱ्याला ते फैलावर घेतात. पैगंबरांच्या चरित्रात याहून मोठी शिकवण शोधत बसायची गरज नाही, असं या लेखकाला वाटतं. ईश्वराचा धाक ते दुसऱ्याच्या पाठीवर लादत नव्हते. त्याचं वजन ते स्वतः घेत होते.

आणि हा एकटदुकट प्रसंग नाही. नमाज लांबवायच्या इराद्याने ते उभे राहत आणि मागच्या रांगांमधून एखाद्या तान्ह्या मुलाचं रडणं कानावर आलं की आवरतं घेत, कारण त्या आईच्या जिवाची घालमेल त्यांना कळे. उमामा ही त्यांची नात. तिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढवली आहे. सजद्याला जाताना तिला खाली ठेवायचं, उठताना पुन्हा उचलायचं. मशिदीत दोन खांबांमध्ये बांधलेली दोरी दिसली तेव्हा त्यांनी चौकशी केली. उभं राहून थकवा आला की आधाराला धरण्यासाठी त्यांच्या पत्नी जैनब यांनी ती बांधली होती. दोरी सोडायला लावली. अंगात तरतरी असेपर्यंत उभं राहावं, थकलं की बसावं, असा त्यांचा आग्रह होता. तीन जणांनी ठरवलं की एकाने रात्रभर नमाजच पढायची, एकाने रोज रोजा धरायचा, एकाने लग्नच करायचं नाही. त्यांनाही त्यांनी सांगितलं की मी तुमच्यापेक्षा ईश्वराला जास्त भितो, तरी झोपतो, जेवतो आणि संसारही करतो.

रमजानमधल्या तरावीह या रात्रीच्या नमाजेचं मूळ तर फार बोलकं आहे. पैगंबर एका रात्री मशिदीत येऊन नमाजेला उभे राहिले, काही लोक मागे उभे राहिले. दुसऱ्या रात्री गर्दी वाढली, पुढे मशीद अपुरी पडू लागली. मग एका रात्री सगळे वाट पाहत बसले आणि ते आलेच नाहीत. सकाळी म्हणाले की तुम्ही जमला होतात हे मला ठाऊक होतं, पण ही नमाज तुमच्यावर सक्तीची होईल आणि ती तुम्हाला झेपणार नाही, अशी भीती वाटली. लोक मोठ्या उत्साहाने गोळा झालेले असताना पुढाऱ्याने दार लावून घरात बसायचं, कारण हा उत्साह उद्या कुणा दमलेल्या माणसाच्या मानेवर बसेल! असा विचार करणारे धर्मपुरुष कुठल्याही काळात थोडेच.

नम्रतेची आणखी एक साक्ष खुद्द कुराणात आहे. मक्केतल्या बड्या सरदारांशी बोलणं चालू असताना अब्दुल्ला इब्ने उम्मे मकतूम हा अंध माणूस मध्येच काही विचारायला आला. पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी तोंड फिरवलं. अंध माणसाला ती आठी दिसलीही नसेल. पण 80वी सूरह, अबस, या प्रसंगावरच उतरली आणि तिच्या सुरुवातीलाच पैगंबरांची कानउघाडणी आहे. ती त्यांनी स्वतःच्या तोंडाने लोकांना ऐकवली, आणि आजही जगभरच्या नमाजांमध्ये ती म्हटली जाते. पुढे मदिनेत याच इब्ने उम्मे मकतूम यांना सहकारी बिलाल यांच्या जोडीला अजान देण्याचं काम मिळालं. पैगंबर मोहिमेवर जात तेव्हा मदिनेचा कारभारही अनेकदा त्यांच्याकडे सोपवला जाई.

सत्ता आल्यावरही यात फरक पडला नाही. ज्या मक्केतून 622 मध्ये निघून जावं लागलं, तिथे 630 मध्ये ते सुमारे 10 हजारांच्या फौजेनिशी परतले. जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे की शहरात शिरताना त्यांची मान इतकी खाली होती की दाढी खोगिराला टेकायला आली होती. वर्षानुवर्षं छळ केलेल्या शहराला त्यांनी माफी दिली. समोर येऊन थरथरणाऱ्या एका माणसाला त्यांनी धीर दिला की मी कुणी राजा नाही, सुकवलेलं मांस खाणाऱ्या कुरैश टोळीतल्या बाईचा मुलगा आहे.

मराठी वाचकाला या माणसाची ओळख नवी नाही. महात्मा फुल्यांनी ‘मानव महंमद’ ही रचना केली, साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिलं. दोघेही दुसऱ्या धर्माच्या थोर पुरुषाकडे आदराने पाहत होते. आज पैगंबरांच्या नावाने प्रेम व्यक्त करण्याच्या पद्धती पुष्कळ झाल्या आहेत. झेंडे, कमानी, रात्री उशिरापर्यंत चालणारे ध्वनिक्षेपक, मोठाले फलक. त्यात भाव नाही असं कोण म्हणेल? पण ज्यांनी एका बाळाच्या रडण्यासाठी नमाज आवरली, त्यांच्या नावाने वाजणाऱ्या आवाजामुळे शेजारचं बाळ किंवा आजारी म्हातारी जागी राहत असेल, तर कुठेतरी क्रम उलटा झाला आहे. ही गोष्ट एका धर्मापुरती नाही. आपल्या गावोगावच्या मंडळांनी, सप्ताहांनी आणि मिरवणुकांनीही ती मनावर घ्यावी.

क्रम सुलटा करणारेही आहेत आणि ते आपल्याच मुंबईत आहेत. 2023 मध्ये 28 सप्टेंबरला ईद-ए-मिलाद, म्हणजे पैगंबरांचा जन्मदिन, आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली. गणपती विसर्जनाच्या गर्दीत अडचण नको म्हणून भायखळ्याच्या खिलाफत हाऊसवरून निघणारा जुलूस दुसऱ्या दिवसावर नेण्यात आला. 2024 मध्ये ईद 16 सप्टेंबरला आणि विसर्जन 17 ला होतं, तेव्हा जुलूस 18 तारखेला काढला. 2025 मध्येही 5 सप्टेंबरचा जुलूस 8 तारखेवर गेला. बातम्यांमध्ये याला सलोखा म्हटलं गेलं, बंदोबस्ताची सोय म्हटलं गेलं. दोन्ही खरंच आहे. पण मुआजची गोष्ट माहीत असलेल्याला त्यात पैगंबरांचं अनुकरणही दिसायला हवं. जुम्याच्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, उंटवाल्याची ती तक्रार सांगितली जाते, तेव्हा इमामसाहेबांनी मुंबईच्या या तीन तारखाही सोबत सांगाव्यात.