अज्जीचं पत्र आणि कोलन क्यू

आमची धाकटी बहीण सुरतेत, गोडादऱ्यात राहते. खानदेशातली पुष्कळ कुटुंबं तिकडं असल्यानं तिला मराठीचा दुष्काळ नाही. तिचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. नुकताच लिनक्स शिकू लागलाय आणि टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर ‘मट’ नावाच्या प्रोग्रॅममधून ई-मेल करतो.

परवा त्यानं अज्जीला पत्र धाडलं. मी ते छापून आईच्या हाती दिलं. दोनच ओळी, आणि खाली चार वेळा ‘कोलन क्यू’! “हे काय रे?” आईनं विचारलं. फोन लावला, तर भाचा म्हणाला, “मामा, बाहेरच पडता येईना. जोडाक्षरंही फुटत होती. कंटाळून तसंच पाठवलं.”

आमच्या कॉलेजातल्या संगणकाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, मट टपाल सांभाळतो, पण पत्र लिहायला दुसऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे एडिटरला बोलावतो. आपण कुणाचं नाव सांगितलं नाही, तर बहुधा ‘व्हीआय’ येतो. बिल जॉय यांनी तो 1976 मध्ये लिहायला घेतला. त्यात लिहिताना आधी एस्केप दाबलं नाही, तर बाहेर पडायची आज्ञाही पत्रातच उमटते!

उपाय एका ओळीचा. आपल्या होम फोल्डरातल्या ‘डॉट मटआरसी’ फाइलीत इंग्रजीत ‘सेट एडिटर’, मग बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात हव्या त्या एडिटरचं नाव. ‘नॅनो’ सोपा, कुठल्या कळा दाबायच्या ते खालीच लिहिलेलं असतं. पण बऱ्याच टर्मिनलांत अक्षरं ठरावीक चौकटीत बसवतात, म्हणून आपली जोडाक्षरं आणि कन्नडची ओत्तक्षरं विस्कटतात. त्यावर ‘जीएडिट’ बरा, तो वेगळ्या खिडकीत उघडतो. त्याच्या नावापुढं दोन आडव्या रेघा देऊन ‘वेट’ लिहायला मात्र विसरू नये. नाहीतर कधीकधी मट थांबत नाही. पत्र कोरंच आहे असं समजून रद्द करतो.

आपण दोन भाषांच्या घरांतली माणसं. आपलं आपण सांगितलं नाही, तर दुसऱ्याच्या सोयीचंच पदरी पडतं, हे आपल्याला नव्यानं कशाला सांगायचं?

भाच्यानं ती ओळ घातली. या आठवड्यात पानभर पत्र आलं, शेवटची ओळ चक्क कन्नडात. आईनं चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि कागद देवघरातल्या फडताळात ठेवला.