मोबाईलवर खेळणाऱ्या आपल्या पोरांची गोष्ट सांगणार कोण?

मागच्या उन्हाळ्यातला प्रसंग आहे. पवनी तालुक्यातल्या एका गावात बुद्धविहाराला लागून असलेल्या खोलीत आम्ही अभ्यासिका चालवतो. मुले-मुली पोलीस भरतीचा आणि एमपीएससीचा अभ्यास करतात. रात्री दहाला पुस्तके मिटली की त्यातले काही जण मोबाईलवर गेम खेळतात. चौघांचा संघ, समोर अनोळखी शत्रू, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला, असा तो बंदुकीचा खेळ. त्या रात्री संघात एक जण कमी पडला, म्हणून बाहेरचा एक खेळाडू आला. आमच्या एका मुलाने हरत आलेला सामना जिंकून दिला. बाहेरच्या खेळाडूने माइकवर त्याचे कौतुक केले आणि मग विचारले, "भाई, पूरा नाम क्या है?" मुलाने आडनावासकट नाव सांगितले. पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ जातीवरून शिवी.

मी त्याला म्हटले, तक्रार कर. तो म्हणाला, "ताई, कोणाची करू? त्याचं खरं नाव मला माहीतच नाही. माझं मात्र त्याला कळलं."

तेव्हापासून हा मुलगा माइक बंद ठेवून खेळतो. मी समाजशास्त्रात एम.ए. केले, जातीवर पुष्कळ वाचले. पण आडनाव विचारण्यामागचे राजकारण त्या एका वाक्याइतके नेमके मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते.

याच मुलांनी पुढे प्रस्ताव मांडला की आपण गेम खेळणाऱ्यांवर एक वेब शो करू. स्वतः लिहू, मोबाईलवर चित्रित करू, यूट्यूबवर टाकू. विहारातल्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा ज्येष्ठ मंडळी नाराज झाली. "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं आणि ही पोरं गेमवर नाटक करणार?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांनी धानाच्या बांधीत चिखल तुडवून लेकरांना शाळेत घातले, त्यांना पोराच्या हातातला मोबाईल खुपणारच. परंतु माझी भूमिका मुलांच्या बाजूची आहे आणि तिची कारणे मांडणे मला आवश्यक वाटते.

पहिले कारण असे की खेळणे थांबलेले नाही आणि बंदीने थांबणारही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. या काळात आमची मुले एका खेळातून दुसऱ्या खेळात गेली, एवढेच झाले. महागडा संगणक आणि कन्सोल घेऊन खेळणारा वर्ग वेगळा आहे. स्वस्त मोबाईल आणि स्वस्त डेटा आल्यावर गेमिंग गावखेड्यात, मजुराच्या घरात पोहोचले. म्हणजे आज या देशातले गेमिंग मोठ्या प्रमाणात बहुजनांच्या पोरांचे आहे. पण पडद्यावर त्यांची गोष्ट कुठे आहे? बातम्यांत हा मुलगा व्यसनी म्हणून दिसतो आणि जाहिरातीत तो फक्त ग्राहक असतो. माणूस म्हणून तो कुठेच नाही.

दुसरे कारण भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. बाहेर भंडाऱ्याचे नाव काढले की लोकांना खैरलांजी आठवते. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांनी सुरुवातीला दखल घेतली नाही, आणि घेतली तेव्हा 'अनैतिक संबंधां'ची कुजबूज बातमी म्हणून फिरली. पुढे २००८ च्या निकालात आरोपींना शिक्षा झाली, तरी अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा न्यायालयाने लागू धरला नाही. आपली गोष्ट दुसऱ्याने सांगितली की तिच्यातून सर्वात आधी जात गायब होते, हे आपण इतकी मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. गेममधली शिवी आणि खैरलांजी यांची तुलना मी करत नाही. पण गोष्ट कोण सांगतो हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच आहे.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तो याच जाणिवेतून. 'केसरी'ने त्याची पैसे देऊन केलेली जाहिरातही छापली नव्हती. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली आणि पत्र उभे राहिले. त्या काळाचे माध्यम छापील पाक्षिक होते. आज आपल्या पोरांचे माध्यम त्यांच्या खिशात आहे. मग शिकण्याच्या विरोधात नेमके काय आहे? पटकथा लिहिणे, संकलन करणे, आवाज नीट घेणे, चार जणांत हिशेब ठेवणे, यातले काय शिक्षणात मोडत नाही?

असा प्रयोग जगात नवा नाही. अमेरिकेत फेलिशिया डे या अभिनेत्रीने ऑनलाइन गेमच्या नादात गेलेल्या स्वतःच्या दिवसांवर 'द गिल्ड' ही मालिका लिहिली आणि २००७ मध्ये ती यूट्यूबवर आणली. पहिल्या काही भागांनंतर पैसे संपले, तेव्हा प्रेक्षकांनी वर्गणी पाठवली. पुढे तिचे सहा हंगाम झाले. अनिता सार्कीसियन यांनी २०१२ मध्ये गेममधल्या स्त्रियांच्या चित्रणावर व्हिडिओ मालिका करण्यासाठी सहा हजार डॉलर मागितले. त्यांच्यावर इंटरनेटवरून भयंकर हल्ले झाले, पण लोकांनी दीड लाखाहून अधिक डॉलर दिले. आपल्याला डॉलर नकोत. दोन्ही उदाहरणांत खेळणाऱ्याने स्वतःच आपल्या जगाबद्दल बोलायला सुरुवात केली, हे आपण घ्यावे.

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचे? आपल्याकडे झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगावी मंडप पडतात, वडशाहून कंपन्या येतात आणि लोक तिकीट काढून रात्रभर नाटक बघतात. ज्या भागात लेखक, नट, गायक, पेटीवाले आणि प्रकाशयोजना करणारे पिढ्यान्पिढ्या आहेत, तिथल्या पोरांनी मुंबईच्या निर्मात्याची वाट का पाहावी? शोची भाषाही आपली, झाडीबोलीच असावी. पुण्याच्या मराठीत बोलणारा भंडाऱ्याचा गेमर कोणालाच खरा वाटणार नाही.

मात्र हा शो गेमिंगची आरती ओवाळणारा नसावा, याबद्दल मी मुलांना स्पष्ट सांगितले आहे. तीन गोष्टी त्यात खरेपणाने आल्या पाहिजेत.

एक, खेळ आणि जुगार यातला फरक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. पण कायद्याच्या आधी किती घरांतले फीचे पैसे रमीत गेले, हे आपल्या वस्त्यांना माहीत आहे. ती लाज झाकून ठेवू नका, दाखवा.

दोन, करिअरचे स्वप्न. ई-स्पोर्ट्स २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ होता, हे खरे आहे. पण एक खेळाडू तिथे पोहोचतो तेव्हा हजारो मुले रात्र जागून तिथेच राहतात. भरतीचा फॉर्म सोडून गेमवर आयुष्य लावणाऱ्या मुलाचे पुढे काय होते, तेही शोमध्ये यावे.

तीन, मुली. आमच्या अभ्यासिकेतल्या तीन मुली खेळतात, तिघीही मुलाचे नाव ठेवून आणि माइक बंद करून. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान सात गेमरना भेटले, त्यात एकच मुलगी होती, पायल धारे. ती नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या उमरानाला गावची. म्हणजे आपल्या शेजारची मुलगी तिथे पोहोचते आणि आपल्या मुली स्वतःच्या नावाने खेळू शकत नाहीत. हे का, याचे उत्तर मुलांनी नाही, मुलींनी लिहावे.

शिवीचेही उत्तर द्यावे लागेल. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी केलेला जातिवाचक अपमान गुन्हा आहे. जुलै २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटवर टाकलेल्या व्हिडिओतला असा अपमानही या कायद्याखाली येऊ शकतो, असे म्हटले. चौघांच्या बंद माइकवरच्या संभाषणाला हे किती लागू होईल हा वादाचा मुद्दा आहे. पण तोच खेळ लाइव्ह दाखवला जात असेल तर ती जागा सार्वजनिक नाही असे कोण म्हणेल? आमच्या मुलांना हे माहीत नव्हते. शो पाहणाऱ्या शंभर मुलांना कळले तरी काम झाले.

ज्येष्ठांना माझी विनंती एवढीच आहे की विहाराची खोली रविवारी दुपारी या मुलांना द्या, आणि पहिली संहिता वाचून होईल तेव्हा तुम्हीही समोर बसा. चुकेल तिथे टोका. मुलांना माझे सांगणे वेगळे आहे. पहिल्या भागाचे पहिले दृश्य तुमच्याकडे आधीच आहे. कोणीतरी पूर्ण नाव विचारतो आणि एक मुलगा माइक बंद करतो. शेवटच्या भागात तो माइक पुन्हा सुरू झाला पाहिजे. तो कसा सुरू होतो, ते तुम्ही लिहा.

जय भीम!