सोऱ्याची चकती

चकलीनंतर शेव पाडायची तर गृहिणी सोऱ्याची चकती बदलते आणि आतली भाजणीही काढते. राहिलीच, तर फराळ बिघडतो, एवढेच!

अमेरिकेत नेमबाजीचे शौकीन झाडलेली काडतुसे घरीच पुन्हा भरतात. त्यांचे यंत्र मोठे गमतीचे. दांडा ओढावा, तबकडी एक घर सरकते: कुठे टोपी बसते, कुठे बंदुकीची दारू पडते, कुठे गोळी. कॅलिबर बदलले की तबकडी, साचे, दारूचे माप सारेच बदलायचे. पण खरी मेख दारूच्या नळकांड्यात. पिस्तुलाची झटकन जळणारी दारू त्यात राहिली आणि रायफलच्या मोठ्या काडतुसात भरली गेली, तर रायफल हातातच फुटायची. म्हणून जाणता माणूस आधी नळकांडे रिकामे करतो, टेबलावर दारूचा एकच डबा ठेवतो, पहिली मापे तराजूवर तोलतो. कित्येकजण कंटाळून प्रत्येक कॅलिबरला वेगळे यंत्रच मांडतात म्हणे.