छंदाची बिदागी

निवृत्तीस आलेला कारकून असो, मुले परगावी शिकायला गेल्यामुळे जिची दुपार मोकळी झाली आहे अशी गृहिणी असो, वा पदवी हाती असूनही अर्जांना उत्तरे येत नाहीत म्हणून घरी बसलेला तरुण असो, रायपूरच्या मराठी घरांतून या सर्वांस हल्ली एकच सल्ला मिळू लागला आहे, आणि तो असा की तुमच्या हाताला चव आहे, तुमचा हात भरतकामात बसलेला आहे, तुमचा गळा गोड आहे, तर त्याचाच उद्योग का करीत नाही? सल्ला देणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो यात संशय नाही. परंतु हेच हितचिंतक पुढे गिऱ्हाईक होऊन दाराशी येतात तेव्हा भाव ऐकताच त्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि ‘आपल्याच माणसांकडून एवढे घेणार?’ असा प्रश्न हसत हसत का होईना, पण विचारला जातोच. छंदाची मिळकत का होत नाही याची चिकित्सा करू पाहणाऱ्याने भांडवल, जाहिरात आणि बाजारपेठ यांच्याकडे वळण्यापूर्वी या आठीकडे पाहावे, असे माझे मत आहे.

आवडीचे काम विकू लागले की त्यातील प्रेम भ्रष्ट होते, ही समजूत आपल्या मध्यमवर्गात फार खोल रुजलेली आहे. तिला आपल्या परंपरेचा आधार मात्र म्हणावा तितका नाही. ज्या भोसल्यांच्या अंमलात मराठी कारकुनी, मराठी पंचांग आणि मराठी स्वयंपाक या छत्तीसगडात आले, त्या काळातील शाहीर, गवई आणि कीर्तनकार बिदागी घेत असत, ती उजळ माथ्याने घेत असत, आणि ती कमी पडली तर तसे सांगण्याचा संकोचही त्यांना वाटत नसे. मोबदला घेतल्याने कला हलकी होते हा विचार पुढे, दरमहा ठराविक पगार घेणाऱ्या आणि म्हणून संध्याकाळच्या पेटीवादनाला पैशाच्या विटाळापासून दूर ठेवणे ज्यांना परवडत होते अशा वर्गाने प्रतिष्ठित केला असावा, असा माझा तर्क आहे.

याच शहराशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या माधवराव सप्रे यांचे चरित्र या संदर्भात पुनःपुन्हा आठवते. दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी १८७१ साली मराठी कुटुंबात जन्मलेले, बिलासपूर आणि रायपूर येथे शिकलेले, आणि मातृभाषा मराठी असूनही हिंदी गद्याच्या सेवेचे व्रत घेतलेले सप्रे, कलकत्ता विश्वविद्यालयाची पदवी संपादन केल्यावर सरकारी हुद्द्याच्या मागे न लागता पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक झाले, आणि त्या शिक्षकीच्या वेतनाच्या बळावर त्यांनी १९०० च्या जानेवारीत ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर आणि ज्यांच्या नावाचे लाखेनगर आज रायपुरात आहे ते वामनराव लाखे हे त्यांचे सहकारी. म्हणजे या मागास म्हणवल्या गेलेल्या प्रांतातील आरंभीचे हिंदी मासिक चालविण्याचा खटाटोप तीन मराठी गृहस्थ करीत होते. याच मासिकात १९०१ साली प्रसिद्ध झालेली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटीशी कथा हिंदीतील पहिली लघुकथा होय, असे मानणारे अभ्यासक आहेत. एवढे असूनही १९०२ संपता संपता मासिक बंद पडले, आणि त्याचे कारण विचारांचे दारिद्र्य नव्हते. जमाखर्चाची दोन्ही तोंडे जुळेनात, एवढेच ते कारण होते.

या हकिकतीचा एक अर्थ असा की, उदरनिर्वाहाचे साधन निराळे असल्यामुळे सप्रे यांना कोणाची मर्जी न सांभाळता आपल्या मनाप्रमाणे लिहिता आणि छापता आले. दुसरा अर्थ अधिक कडू आहे. एका शिक्षकाचे वेतन एका मासिकाला किती वर्षे पोसू शकेल याला सीमा असते, आणि ज्या समाजासाठी ते काम चालते त्या समाजाने आपला वाटा उचलला नाही तर करणाऱ्याची निष्ठा कितीही प्रखर असली तरी ती सीमा पुढे सरकत नाही. सप्रे यांची लेखणी पुढेही थांबली नाही. नागपुरातून ‘हिंदी केसरी’ निघाला, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आले, आणि १९२६ साली रायपुरातच त्यांचा देहान्त झाला. बूढातालाबाजवळची शाळा त्यांचे नाव धारण करून उभी आहे. मृत्यूनंतर इमारतीला नाव देणे आपल्याला हयातीत वर्गणी देण्यापेक्षा नेहमीच सोपे गेले आहे.

सप्रे निदान सुशिक्षित होते आणि आपण काय करीत आहोत याची त्यांना पुरती जाण होती. सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. शेजारसंबंध जवळजवळ तुटलेल्या एकाकी घरात, लहान मुलाला खेळणी हवीत म्हणून मातीची चित्रे घडविता घडविता, आणि उन्हाळ्यात ओसरीला सावली व वारा हवा म्हणून बांबूच्या पट्ट्या वाकवून त्यांवर माती लिंपून जाळ्या करता करता, या स्त्रीने वर्षानुवर्षांच्या श्रमाने आपले अवघे घर पक्षी, माकडे, नाग आणि नाचणाऱ्या माणसांनी भरून टाकले. शिकविणारा गुरू नव्हता, पाहणारा प्रेक्षक नव्हता, विकत घेणारा तर नव्हताच. भोपाळच्या भारत भवनाची माणसे १९८३ च्या सुमारास लोककलेचा शोध घेत त्या गावी पोहोचली, तेव्हा त्यांना हे घर दिसले. मग राष्ट्रीय सन्मान आला, देशापरदेशांतून बोलावणी आली, आणि २००७ साली सोनाबाई निवर्तल्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेतील सॅन दिएगो येथील संग्रहालयात त्यांच्या कलेचे प्रदर्शन भरले. परंतु मला त्या सन्मानांहून महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांच्याकडे पाहून आणि त्यांच्याजवळ शिकून परिसरातील इतर स्त्रीपुरुष तेच काम करू लागले आणि त्यातून त्यांच्या घरी पैसा येऊ लागला. येथे पैशाने कला मारली नाही. एका घराच्या भिंतीआड संपून गेली असती ती कला पैशाने चार घरांत नेली.

पैसा आल्यावर काहीच बिघडत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. मागणी आली की तीच आकृती पुनःपुन्हा मागितली जाते, मुदत ठरते, तगादा सुरू होतो, आणि ज्या कामाने मन विसावत असे त्याच कामाचा धसका वाटू लागतो. यावर मला एकच उपाय ठाऊक आहे, आणि तो तीजनबाईंच्या आयुष्यात दिसतो. गनियारीच्या या मुलीने स्त्रियांनी बसून गाण्याची रूढी मोडून उभ्याने पंडवानी गायिली, त्यापायी जातीचा बहिष्कार सोसला, आणि पुढे पद्मविभूषणापर्यंतचे मान मिळविले. पण त्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीलाही होत्या, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. घराची चूल कारखान्याच्या पगारावर पेटते तेव्हा तंबोऱ्याला कोणाची खुशामत करावी लागत नाही. छंदाने घरात भर घालावी, परंतु घराचा सारा भार पहिल्या दिवसापासून त्याच्या डोक्यावर देऊ नये, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

आणि भर घालायची तर हिशेब चोख हवा. रायपुरात महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ पासून ‘गढकलेवा’ चालते. तेथे महिला बचत गटाच्या स्त्रिया चिला, फरा, ठेठरी, खुरमी आणि आपल्या अनारशाचा सख्खा भाऊ शोभेल असा अइरसा करून विकतात. घराघरांत सणावारी जे फुकट होत असे त्याला येथे फळ्यावर लिहिलेला भाव आहे, आणि तो वाचून कोणीही ‘आपल्याच माणसांकडून’ असे म्हणत नाही. जो तो मुकाट्याने पैसे मोजतो. आमच्या मराठी भगिनी फराळाचा भाव ठरवितात तेव्हा डाळ, तेल, तूप, गूळ आणि गॅस यांची किंमत रकान्यात चढते. चकलीची भाजणी भाजण्यात गेलेली दुपार आणि करंज्या वळण्यात गेलेली रात्र मात्र कोणत्याच रकान्यात सापडत नाही. सरकारी दप्तरालाही ती दुपार दिसत नाही. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत सुतार, कुंभार, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांना पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते, त्या यादीत स्वयंपाकाचे नाव नाही. याउलट खाद्यपदार्थ विकायचे म्हटले की २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी मात्र घरातल्या छोट्या उद्योगालाही करावी लागते. ती जरूर करावी, आणि तिचा खर्चही भावात धरावा.

ज्याला आपला छंद विकायचाच नाही त्याच्यामागे सल्ल्यांचा ससेमिरा लावण्याचे कारण नाही. पेटी वाजवून केवळ स्वतःचे कान तृप्त करणाराही समाजाचा काही अपराध करीत नाही. पण ज्याने एकदा दाराशी पाटी लावली, त्याच्याशी नात्याचा आधार घेऊन घासाघीस करू नये. येथील महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून उभे आहे आणि गणेशोत्सव, नाटके, मेळावे यांच्या निमित्ताने आपण वारंवार एकत्र येतो; अशा प्रसंगी रांगोळी काढणारीला, गाणाऱ्याला, फराळ करणारीला नारळ आणि टाळ्या यांच्या जोडीला पाकीटही देण्याचा प्रघात आपण पाडावा, आणि येत्या दिवाळीला ओळखीच्या बाईंकडून चकल्या आणताना सांगितलेला भाव एक शब्द न बोलता द्यावा, एवढीच वाचकांना विनंती आहे.