मनाचा घाव आणि भगताचा अंगारा

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या मुंबईच्या दंगलीची झळ अँटॉप हिललाही लागली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात तशी नोंद आहे. त्याच साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे गाडली. पुढे गावे पुन्हा वसली. पण जो वाचला, तो वर्षानुवर्षे रात्री ओरडत उठतो, जरा आवाज झाला की दचकतो, त्या जागेची वाट टाळतो; त्याचे काय?

घरचे म्हणतात, बाहेरची बाधा. मग भटाची शांत, भगताचा अंगारा, आणि शेवटी सावकाराचे कर्ज!

बांधवहो, ही बाधा नव्हे, भित्रेपणाही नव्हे. हे मनाचे दुखणे आहे. महिना उलटूनही ते हटले नाही, तर डॉक्टर गाठा. जाणत्या माणसाच्या आधाराने ती आठवण हळूहळू उलगडणे, आणि लागल्यास औषध, हा त्यावरचा इलाज; त्याने पुष्कळांस गुण येतो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. भूत काढण्याच्या नावाखाली मारझोड करणे तर २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

बैल लंगडला तर आपण गुरांचा डॉक्टर शोधतो. मग घरच्या माणसाने काय पाप केले?